जमीन, मजुरी आणि धान्य : एका मागणीचे तीन तुकडे

६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या आठव्या स्मृतिदिनी, रिपब्लिकन पक्षाने कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यांत शेतमजूर बाया होत्या, कडेवर मूल घेऊन निघालेल्या आया होत्या. आपण त्या लढ्याला ‘भूमिहीनांचा सत्याग्रह’ म्हणतो आणि त्यातली जमिनीची मागणी तेवढी ध्यानात ठेवतो. परंतु त्या मागणीपत्रात पडीक व सरकारी जमीन भूमिहीनांना द्या या मागणीबरोबरच आणखी दोन मागण्या होत्या. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी करा, ही एक. धान्याचे योग्य वाटप करून महागाईला आळा घाला, ही दुसरी. जमीन, मजुरी आणि धान्य या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाच माणसासाठी मागितल्या गेल्या होत्या.

सत्याग्रही अजून तुरुंगात होते, आणि १४ जानेवारी १९६५ रोजी भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले. त्याच महिन्यात कृषी मूल्य आयोगही नेमला गेला. देशाच्या अन्नधोरणाची आजची चौकट त्या एका महिन्यात उभी राहिली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. एकाच महिन्यात एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देशासमोर होती. एक तुरुंगात होते आणि एक दिल्लीच्या सचिवालयात होते. पुढच्या साठ वर्षांत यांतले कोणते उत्तर धोरण झाले हे आपण जाणतोच. ते कसे झाले आणि पहिल्याचे काय झाले, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपली मागणी एक होती. राज्यसंस्थेने तिचे तीन तुकडे केले आणि तीन वेगवेगळ्या खात्यांकडे सोपविले. जमीन महसूल खात्याकडे गेली, मजुरी रोजगार हमीकडे गेली, धान्य पुरवठा खात्याकडे गेले. ही तिन्ही खाती कोऱ्या पाटीने आली नव्हती. प्रत्येकापाशी इंग्रजी अमदानीतून आलेली एक कल्पना होती, त्या कल्पनेचे दप्तर होते आणि दप्तराची सवय होती. नवी मागणी आत शिरली की जुनी सवय तिला आपल्या आकाराची करून घेई. हा इतिहास समजल्याशिवाय, दलितांच्या पदरात कायदे इतके आणि जमीन इतकी थोडी का, याचा उलगडा होत नाही.

१

मागणी मुळात एक होती असे मी म्हणतो, ते बाबासाहेबांच्या लेखनाच्या आधारावर. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतीच्या प्रश्नावर एक निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या वेळी सरकारी अधिकारी आणि अर्थतज्ज्ञ सांगत होते की, शेताचे तुकडे फार झाले म्हणून शेती मागे पडली. तुकडे जोडा, वारसांत वाटणी थांबवा. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठे हे बिघ्यावर ठरत नाही, त्या जमिनीवर भांडवल आणि श्रम किती प्रमाणात लागतात यावर ठरते असे त्यांनी मांडले. खरा रोग असा की जमिनीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी फार, आणि त्यांतले बरेचसे श्रम रिकामे बसून असतात. रिकामे हात नुसते बसत नाहीत, ते खातात. म्हणून त्यांना उद्योगधंद्यात काम द्या, हा त्यांचा उपाय होता.

या निबंधात जातीचा उल्लेख शोधणाऱ्याची निराशा होईल. पण ज्यांचे हात रिकामे होते ते कोण, हे महाराष्ट्राच्या खेड्यात वेगळे सांगावे लागत नव्हते. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा ते उघडच झाले. वतन म्हणजे काय? गावाची आणि सरकारची चोवीस तासांची चाकरी, आणि तिच्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा, बलुते आणि दारोदारची भाकर. हीसुद्धा एक अन्नव्यवस्थाच होती. तिच्यात जमीन होती, पण ती पोटाला पुरू नये इतकीच होती. धान्य होते, पण ते मागून मिळणारे होते. आणि श्रम होते, पण त्यांना मजुरी नव्हती. पीक बुडाले की बलुते बुडे आणि चाकरी मात्र चालूच राही. चाकरीला रोख वेतन द्या, जमीन बंधनातून मोकळी करा, असे बाबासाहेब म्हणाले, कारण हे तिन्ही धागे एकाच गाठीत बांधलेले आहेत हे त्यांना दिसत होते.

१९३७ साली त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक आणले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. त्यात महार होते तसे कुणबीही होते. आणि १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी या विचाराचा शेवटचा टप्पा मांडला. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन राज्याने घ्यावी, ठरावीक आकाराची शेते करून गावकऱ्यांच्या गटांना जातपात न पाहता कसायला द्यावी, बी, खत, पाणी, अवजारे राज्याने पुरवावीत. अशा गावात जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे तीन वर्गच उरणार नाहीत, अशी ती योजना होती.

योजना चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो. सामुदायिक शेतीचे जगभरातले अनुभव आज आपल्यासमोर आहेत आणि ते सगळेच उत्साहवर्धक नाहीत. पण योजनेतला मूळ विचार वेगळा काढून पाहावा. जमिनीचा, कामाचा आणि धान्याचा प्रश्न वेगवेगळा सोडवता येत नाही, हा तो विचार. त्याला संविधानात जागा मिळाली नाही आणि स्वतःची कचेरीही मिळाली नाही. कचेरी ज्यांच्याकडे होती, त्यांच्या कल्पना पुढे गेल्या.

२

पहिली कचेरी महसुलाची. तिचे दैवत सातबारा. ज्याचे नाव कागदावर त्याला शेतकरी समजावे, बाकीचे गावात राहतात एवढेच. ही कल्पना रयतवारीतून आलेली. सरकारला सारा कोणाकडून घ्यायचा हे कळावे म्हणून ती निर्माण झाली. कोण राबतो हे नोंदवणे तिचे काम नव्हते.

१९४८ च्या कूळ कायद्याचा हेतू चांगला होता. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना मालक मानण्याची तरतूदही १९५६ च्या दुरुस्तीने झाली. पण मध्यंतरी काय घडले ते गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळते. अनेक कुळांनी जमिनी ‘राजीखुशीने’ मालकाला परत दिल्या होत्या. ही राजीखुशी कशी मिळवली जाते हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्यातही, कूळ म्हणून नोंद होण्याइतकी पत दलिताला क्वचितच होती. तो सालगडी होता, रोजंदार होता, वतनदार होता. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा फार मोठी. पण दप्तराने ‘कसेल’ या शब्दाचा अर्थ ‘ज्याच्या नावाची कूळ म्हणून नोंद असेल’ असा लावला.

कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. बाबासाहेबांच्या विधेयकानंतर तीस वर्षांनी. जमिनी परत मिळाल्या, पण कब्जाहक्काची रक्कम भरून आणि नव्या शर्तीवर. १९६१ च्या कमाल धारणेच्या कायद्याने कोरडवाहू जमिनीची मर्यादा १२६ एकरांपर्यंत ठेवली. १९७५ साली ती ५४ एकरांवर आणली गेली. चौदा वर्षांची सवड वाटण्या करून घ्यायला पुरेशी होती. खाजगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ साली राज्य शेती महामंडळ स्थापन केले. म्हणजे राज्याच्या मालकीची शेती महाराष्ट्रात खरोखरच झाली! पण तिच्यात भूमिहीन मजूर मजूरच राहिला, फक्त मालकाच्या जागी महामंडळ आले. पुढे २०१२ च्या सुमारास त्यांतली बरीच जमीन मूळ खंडकऱ्यांच्या वारसांना परत देण्यात आली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या मजुरांचे नाव कोणत्याच रकान्यात नसल्यामुळे त्यांचा हक्क कोणाला दिसला नाही. बाबासाहेबांच्या योजनेचा सांगाडा उचलला आणि तिचा प्राण बाहेर ठेवला, याचे हे ठळक उदाहरण.

गायरानांची कथा तर आपल्या चळवळीचीच कथा आहे. लोकांनी माळरान फोडले, दगड वेचले, ज्वारी पेरली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची कसणूक नियमित करण्याचे ठरले. हा लढ्याचा विजय होता. पण त्या निर्णयातही कसणाऱ्याला नाव कोणते? ‘अतिक्रमणधारक’. ज्याने जमीन पिकवली तो दप्तरात घुसखोर म्हणूनच आत आला. म्हणून २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि राज्याने त्यानुसार निर्णय काढला, तेव्हा धनदांडग्याचा फार्म हाऊस आणि भूमिहीनाची दोन एकर ज्वारी एकाच शब्दाखाली आली. शब्द दप्तराने दिलेला होता. त्याची किंमत आपण मोजली.

३

दुसरी कचेरी कामाची. हिचा इतिहास मला सर्वांत बोधप्रद वाटतो, कारण इथे चांगल्या कल्पनेला बळकट संस्था मिळाली आणि तरीही जुनी सवय गेली नाही.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये फार मोठी माणूसहानी झाली. त्या काळात जोतीराव फुल्यांनी व सत्यशोधकांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी छावणी चालवली, आणि पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जोतीरावांनी सुचविले की सरकारने पलटणीतल्या शिपायांकडून ठिकठिकाणी तळी-बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल. सरकारचा विचार निराळा होता. १८७७ साली दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला सुमारे अर्धा शेर धान्याच्या हिशेबावर आणली गेली, आणि मुंबई इलाख्यातले हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. भुकेल्या माणसांचा तो संपच होता.

स्ट्रॅची यांच्या दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि १८८३ साली दुष्काळ संहितेचा मसुदा आला. आयोगाला एक गोष्ट अचूक कळली होती. पाऊस गेला की आधी शेतावरचे काम थांबते, मजुराच्या हातात पैसा येत नाही, आणि बाजारात धान्य असले तरी तो उपाशी मरतो. म्हणून धान्य वाटू नका, काम काढा. शंभर वर्षांनी, १९८१ साली, अमर्त्य सेन यांनी दुष्काळावरच्या आपल्या ग्रंथात भूक आणि धान्याची टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सिद्ध केले, तेव्हा त्याचे एक मूळ या जुन्या अहवालात होते. पण त्याच संहितेत दुसरा विचारही होता. गरज नसलेला माणूस कामावर येऊ नये म्हणून काम कष्टाचे असावे, घरापासून दूर असावे आणि मजुरी पोटापुरतीच असावी. ही ‘कसोटी’. भुकेल्यावर अविश्वास हा त्या संस्थेचा पाया होता.

आता १९७२ कडे येऊ. महाराष्ट्रात ओळीने पावसाने दगा दिला होता. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. माझी आजी त्यांत होती. माझी आई तेव्हा तीन वर्षांची, खडीच्या ढिगाशेजारी फाटक्या लुगड्याच्या सावलीत ठेवलेली. आजी सुकडीची चव सांगते, अमेरिकेच्या लाल मिलोची भाकर थापताना कशी तुटायची ते सांगते. ‘दुष्काळ वाईट होता, पण हातात मजुरी होती,’ हेही ती म्हणते. तिच्या या वाक्यात अर्थशास्त्र पुरेपूर आहे. पीक बुडूनही १९७२ ला माणसे १८७७ सारखी मेली नाहीत, कारण काम निघाले.

पण त्याच वर्षाची दुसरी नोंद विसरता कामा नये. मे १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला. त्याच मे महिन्याच्या शेवटी मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. दुष्काळाचा इतिहास लिहिणारे आणि पँथरचा इतिहास लिहिणारे वेगवेगळ्या कपाटातली पुस्तके वाचतात. वास्तविक ती एकाच उन्हाळ्याची दोन पाने आहेत. सरकारने खडीवर काम दिले. गावाने विहिरीवर पाणी नाकारले.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना दुष्काळाआधीची. मागेल त्याला काम, या तत्त्वावर १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला होता. १९७२ च्या दुष्काळाने तिला रेटा दिला आणि ‘महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७’ हा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम हे भीक नसून हक्क आहे, अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास सरकार भत्ता देणे लागते, बाईला आणि पुरुषाला दर सारखाच, अशी ती झेप होती. संहितेतली दया पुसून तिथे हक्क लिहिला गेला. पैसा शहरातून आला : १९७५ पासूनचा व्यवसाय कर, आणि त्याच्या बरोबरीने राज्याची भर. देशात असा कायदा दुसरीकडे कुठेही नव्हता, आणि त्याचे श्रेय खडी फोडणाऱ्या, मोर्चे काढणाऱ्या लाखो बायांना द्यायलाच हवे.

मग सवय कुठे राहिली? कष्टाची कसोटी राहिली : मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर, माप मुकादमाच्या हातात, हजेरीपट त्याच्या बगलेत. किमान ५० मजूर जमल्याशिवाय नवे काम नाही. दर असा की शेतमालकाची मजुरी वर खेचली जाऊ नये. आणि बांधले काय? पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. आमच्या गावचा पाझर तलाव आजीच्या पिढीने खणला. पाणी मुरले आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरले. विहिरी ज्यांच्या होत्या त्यांची बागायत झाली. आजी त्याच बागायतीत खुरपायला गेली. जोतीरावांचा बंधारा शेवटी बांधला गेला, पण पाणी कोणाचे हा प्रश्न त्याच्या भिंतीत चिणून टाकला.

हेरिंग आणि एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ सालीच दाखवले होते की या योजनेला बड्या शेतकऱ्यांचा विरोध नव्हता, कारण मजूर गावात टिकत होता आणि जमिनीची किंमत वाढत होती. १९८८ साली मजुरीचा दर किमान वेतनाच्या वाढीबरोबर जवळजवळ दुप्पट झाला, आणि लगेच कामे आखडती झाली. हक्क कागदावर होता तसाच राहिला, काम तेवढे मिळेनासे झाले. त्याच वर्षी जवाहर विहिरी आल्या, १९९० पासून फळबागा आल्या. लहान शेतकऱ्यालाही त्यांचा उपयोग झाला हे मान्य करू. पण विहीर खणायला आणि आंब्याचे रोप लावायला आधी सातबारा लागतो. म्हणजे दुसऱ्या कचेरीच्या दारात पहिली कचेरी उभी होतीच.

२००५ साली केंद्राने १०० दिवसांच्या हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याचा पाया होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ केले. पण पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद घातली. ज्या दिवसांत मजुराला घासाघीस करता येते, नेमक्या त्याच दिवसांत दुसरा पर्याय मिटवायचा. मालकाची अडचण होऊ नये ही काळजी कायद्याच्या पोटातून पुन्हा वर आली.

४

तिसरी कचेरी धान्याची. ही युद्धात जन्मली. १९४३ साली बंगालमध्ये माणसे मरत होती तेव्हाच मुंबईत रेशनिंग सुरू झाले. हेतू असा की गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या चालू राहाव्यात. रेशनकार्ड हे मुळात शहराचे कार्ड. खेड्यात धान्य पिकते, तेव्हा खेड्यातला माणूस उपाशी कसा राहील, अशी त्यामागची समजूत. पिकवणारा आणि धान्य बाळगणारा यांतला फरक त्या समजुतीला ठाऊक नव्हता.

१९६५ साली अन्न महामंडळ आले ते हीच समजूत घेऊन. अमेरिकेच्या गव्हावरचे अवलंबन लाजिरवाणे झाले होते, सी. सुब्रमण्यम अन्नमंत्री होते, मेक्सिकोचे गव्हाचे बियाणे येऊ घातले होते. धोरण असे ठरले : ज्याच्यापाशी पाणी आहे त्याला बी, खत आणि हमीभाव द्या, जास्तीचे धान्य सरकार विकत घेईल आणि गरजूला वाटेल. या धोरणाने देशाची कोठारे भरली, परदेशी जहाजांची वाट पाहणे संपले, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. पण त्याची निवड पाहा. गहू आणि तांदूळ पिकवणारा पाण्याखालचा प्रदेश त्याने निवडला. आपल्या कोरडवाहू मुलखाला १९६४ च्या संकरित ज्वारीने उत्पादन दिले खरे. पण दाणा पावसात काळा पडे, कडबा आखूड येई आणि ती शासनाच्या कोठारात गव्हाच्या मानाने नगण्य गेली. पुढे खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. मजुरीत पायलीभर ज्वारी घरी आणणारी बाई नोटा घेऊन दुकानात जाऊ लागली.

१९८० साली चाकणच्या कांदा आंदोलनातून शरद जोशींची शेतकरी संघटना उभी राहिली. शेतमालाला रास्त भाव मिळाला की मजुराचीही मजुरी वाढेल, असे ती सांगे. या विचाराला मी सरसकट खोटे म्हणणार नाही. लुटला गेलेला कोरडवाहू शेतकरी आपल्याच शेजारी राहतो. पण भाव वाढला तो दिवस आणि मजुरी वाढली तो दिवस यांच्यामध्ये जी माणसे धान्य विकत घेऊन खातात, त्यांचे काय? हमीभाव हा विकणाऱ्याचा हक्क आहे. विकायला ज्याच्याकडे घाम तेवढा आहे त्याचा हमीभाव म्हणजे किमान वेतन. १९६४ च्या मागणीपत्रात ते धान्याच्या शेजारी का लिहिले होते ते इथे कळते.

२०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला. माणशी महिना ५ किलो धान्य हा हक्क ठरला. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. रेशन शहरापुरते न राहता खेड्यातल्या शेवटच्या घरापर्यंत गेले ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या वर्गातली अर्धी मुले त्या धान्यावर वाढली आहेत, आणि ज्यांनी कधी रिकामा डबा उघडला नाही त्यांनी त्याला ‘फुकट’ म्हणून हिणवू नये. पण मला एक गोष्ट खटकते. तिन्ही कचेऱ्यांतली हीच एक कचेरी सर्वांत पुढे गेली, कारण तिने गावातल्या कोणाच्याही मालकीला हात लावला नाही. धान्य दूरच्या प्रांतातून येते, पैसा तिजोरीतून येतो. जमीन आहे त्याच्याकडेच राहते.

५

वेगळे काही शक्यच नव्हते का? १९७२ च्याच दुष्काळातून पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे होते. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. पाण्याचा हक्क सातबाऱ्यापासून सोडवला की भूमिहीनही वाटा घेऊन उभा राहतो, हे त्या माळावर दिसले. जमीन, काम आणि धान्य तिथे पुन्हा एका जागी येऊ पाहत होते. तो प्रयोग लहान होता आणि त्यालाही मर्यादा होत्या. पण राज्याच्या एकाही खात्याने त्याचे तत्त्व आपल्या नियमात घेतले नाही. रोजगार हमीच्या तलावाला पाणी पंचायतीचा नियम लावला असता तर? तलाव खणणाऱ्या प्रत्येक घराचा त्या पाण्यावर वाटा, एवढेच कलम घातले असते तर? आजीच्या पिढीने खणलेल्या हजारो तलावांचा अर्थ बदलला असता.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. धोरणे नुसत्या सदिच्छेने बदलत नाहीत आणि नुसत्या संतापानेही बदलत नाहीत. कल्पनेला संस्था मिळवून द्यावी लागते, आणि संस्थेत शिरताना तिच्या जुन्या सवयी ओळखाव्या लागतात. आपण मोर्चे तिन्ही कचेऱ्यांवर नेतो, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळी निवेदने घेऊन. रेशनसाठी लढणारी संघटना निराळी, गायरानाची निराळी, मजुरीची निराळी. राज्याने केलेले तुकडे आपणही आपल्या संघटनांत जपले आहेत. तलाठ्याचे दप्तर, हजेरीपट आणि रेशन दुकानाचे रजिस्टर एकत्र मांडून एका गावाचा अभ्यास करा. त्यात तीच तीच नावे कुठे येतात आणि कुठे येत नाहीत हे पाहा. पदवीच्या प्रकल्पासाठी असे एक गाव एका विद्यार्थ्याने घेतले, तर दहा वर्षांत आपल्या हाती जे साहित्य येईल ते कोणत्याही आयोगाच्या अहवालापेक्षा मोलाचे असेल.

दादासाहेबांच्या सत्याग्रहात गेलेली माणसे बहुतेक निरक्षर होती. त्यांना कृषी मूल्य आयोग ठाऊक नव्हता. पण जमीन नसली की मजुरी ठरवता येत नाही आणि मजुरी नसली की धान्य विकत घेता येत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. म्हणून त्यांनी तिन्ही एका कागदावर लिहिले. त्यांची नातवंडे आज शिकली आहेत. तो कागद पुन्हा जोडणे हे आता त्यांचे काम आहे.